ऐक नावाची गाडी

लोथारमामा आले ते आवाज न करता.

गाडी गल्लीत शिरायची म्हणजे आधी तिची फटफट ऐकू यायची, मग निळा धूर दिसायचा आणि सगळ्यात शेवटी गाडी, अशी झ्विकाऊ गावाची इतक्या वर्षांची सवय. त्यामुळे त्या दुपारी ती लांबलचक रुपेरी गाडी कोपऱ्यावरून वळून आत आली, तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. रस्त्याच्या मधोमध उन्हाला पसरलेलं मांजर जागचं हललं नाही. गाडी त्याच्यापुढे येऊन थांबली आणि ते उठेपर्यंत मुकाट उभी राहिली. पुढच्या जाळीवर चार कडी एकमेकांत अडकवलेली होती.

गुद्रुन अंगणातल्या टेबलावर चादर घालत होती. उद्या सिल्केचं लग्न, म्हणून आज संध्याकाळी गल्लीतले सगळे येऊन दारात जुनी भांडी फोडणार, नवरानवरीनं ती मिळून झाडायची, असा बेत होता. चादरीचं एक टोक हातात तसंच राहिलं आणि ती बघत राहिली. लायलॅकची झाडं त्या आठवड्यात इतकी फुलली होती की सगळी गल्ली जांभळट धुक्यात बुडाल्यासारखी दिसायची. त्या धुक्यातून एक उंच म्हातारा उतरला. अंगात फिका कोट, हातात टोपी. फोटोत पाहिलेला माणूस प्रत्यक्षात इतका आईसारखा दिसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आई, म्हणजे हेद्विग, पदर नसलेल्या बायका करतात तसं एप्रनला हात पुसत पायरीवर आली. धाकट्या भावाला ती चाळीसहून जास्त वर्षांनी बघत होती. मधे पूर्व-पश्चिम जर्मनीची सीमा होती, पहारे होते, ते सगळं खरं; पण पुढेपुढे येऊ देत होते तेव्हाही लोथारमामा आले नव्हते. आर्नोच्या, गुद्रुनच्या वडिलांच्या, मयतालासुद्धा नाही. नाताळला तेवढं कॉफीचं पार्सल यायचं.

"जेवलायस का?" हेद्विगनं विचारलं.

"वाटेत खाल्लं थोडं."

"म्हणजे नाही जेवलास."

एवढीच भेट झाली. मग त्यांनी मान खाली केली आणि तिनं त्यांच्या गालावर दोन चापट्या मारल्या. पहिली हलकी होती. दुसरी तेवढी हलकी नव्हती.

"लागलं की गं, ताई."

"लागायलाच मारली."

सिल्के धावत आली आणि मामांच्या गळ्यात पडली. तिची नि त्यांची ओळख गेल्या वर्षीची. सीमा उघडल्यावर ती आणि तिचा टोर्स्टेन पश्चिमेला इंगोलश्टाटला जाऊन त्यांच्याकडे राहून आले होते. गुद्रुनला त्या मिठीचा अर्थ माहीत होता, आणि तो माहीत असल्याचं ओझं ती महिनाभर वाहत होती. मामांनी तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात दोघांसाठी शब्द टाकला होता. लग्न झालं की दोघं जाणार होती. आईवेगळ्या सिल्केला गुद्रुननंच वाढवलेलं. तिनं आत्याला विश्वासात घेतलं आणि शपथ घातली, लग्न होईपर्यंत बाबांना कळता कामा नये.

बाबा म्हणजे गुद्रुनचा थोरला भाऊ, रायनहार्ट. अख्खी गल्ली रुपेरी गाडीभोवती जमली होती, फक्त तोच दिसत नव्हता.

"तुझा भाऊ कुठंय?" मामांनी हळूच विचारलं.

"शेडमध्ये," गुद्रुन म्हणाली. "बोलावून आणते."

"राहू दे. मीच जातो नंतर." मग तिच्याकडे नीट बघत त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि तुझं काय? सिल्के सांगत होती, तूही शिवणखात्यात होतीस. तिथे कसलेल्या हातांची माणसं हवी आहेत. तू म्हणालीस तर तुझ्यासाठीही बोलतो."

"माझं कसलं? आईला कोण बघणार?" गुद्रुन इतक्या चटकन बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं. कुणी विचारण्याआधीपासून ते उत्तर ओठांवर तयार बसलेलं असावं.

*

शेडचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत अंधार नव्हता. छताच्या काचेतून पडणारा उजेड तळ्याच्या तळाशी पोचतो तसा गार आणि हिरवट होऊन आत पसरला होता. त्या उजेडात ती उभी होती. होर्ख. लांब निळं नाक, दोन मोठे दिवे, आत लाल चामड्याच्या बैठका. गुद्रुन जन्मल्यापासून या शेडमध्ये येत होती, तरी दर वेळी आत पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली यायचा, देवळात येतो तसा.

नावाचा अर्थच 'ऐक'. म्हातारे होर्खसाहेब या गावात आले, कारखाना काढला आणि पुढे आपल्याच कारखान्यातून भागीदारांशी बिनसून बाहेर पडले. शेजारीच दुसरा कारखाना काढला, पण कोर्टानं सांगितलं, तुमचं नाव आता तुमचं नाही. मग म्हणे एका ओळखीच्या घरी, कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करत बसलेल्या पोरानं सुचवलं की 'ऐक'ला लॅटिनमध्ये 'आउडी' म्हणतात. झाली दुसरी गाडी. असे एकाच गावात एकाच अर्थाच्या नावांचे दोन कारखाने. पुढे दोन्ही आणखी दोन कारखान्यांबरोबर एक झाले, खूण चार कडी; आणि लढाईनंतर ते नाव पश्चिमेला इंगोलश्टाटला गेलं. गावातल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट भाकरीबरोबर मिळायची.

"गल्ली रिकामी झालीय त्यांची गाडी बघायला," रायनहार्ट मान वर न करता म्हणाला. तो मऊ फडक्यानं दिव्याची कड पुसत होता. "तू कशी चुकलीस?"

"बघितली. चांगली आहे."

"चांगली असणारच. आपलीच आहे ती."

"दादा, मामा भेटायला येणार आहेत. नीट बोल."

"मी नीटच बोलतो. लोकांना नीट ऐकू येत नाही." फडकं झटकून त्यानं खांद्यावर टाकलं. दोन आठवड्यांपूर्वी कारखान्यातली शेवटची ट्राबी, ती फटफटणारी छोटी गाडी, बाहेर पडली होती. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून रायनहार्ट सकाळी नेहमीच्या वेळी उठून, डबा घेऊन, अंगण ओलांडून या शेडमध्ये यायला लागला होता. गुद्रुनचं शिवणखातं तर त्याआधीच बंद झालं होतं. "उद्या सिल्केला यातून नेणार. गावातली निम्मी लग्नं या गाडीनं लावलीत, पण घरची नवरी पहिल्यांदा बसतेय. बाबा असायला हवे होते."

बाबांनी, म्हणजे आर्नोनं, ती अग्निशामक दलाच्या आवारातून ओढत आणली होती. लढाईत कुणा अधिकाऱ्याची, मग रशियनांची, मग छप्पर कापून आगीचे पंप वाहणारी. शेवटी सडायला टाकलेली. कोळशाच्या मोबदल्यात मिळाली. बाबा लढाईआधी याच कारखान्यात आठ सिलिंडरची इंजिनं बसवून त्यांची चाचणी घ्यायचे. रोज संध्याकाळी ते शेडमध्ये, आणि आई दिवा धरून शेजारी. बैठकांचं चामडं आईनं शिवलं. मुलगी असताना होर्खच्या शिवणखात्यात ती तेच काम करायची. टाका असा की नख फिरवलं तरी लागू नये.

"तुला सांगू," रायनहार्ट गाडीकडे बघत म्हणाला, "मला कधीकधी वाटतं, बाबा तेव्हा मामांबरोबर गेले असते तर आज मी तिकडून आलो असतो. रुपेरी गाडीतून. आणि कुणीतरी इथे फडकं मारत बसलं असतं."

"गेले नाहीत ना पण."

"आईनं जाऊ दिलं नाही. बरंच झालं म्हणा. तिनं पाय रोवले म्हणून हे घर राहिलं." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ही घरात मुरलेली गोष्ट होती. आईलाही ती कितीदा ऐकवली गेली होती, आणि आई दर वेळी हसून विषय बदलायची.

*

कॉफी अंगणात घेतली. टेबलावर चक्क्याच्या पिवळ्या थरांचा केक होता, खसखशीचा होता, आणि मामांनी आणलेल्या कॉफीचा वास इतका दाट होता की शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "एवढी कडक करू नका हो, आमची झोप उडेल!" तिघा-चौघांनी भांडी फोडायला सुरुवातही केली होती. पायरीवर अधूनमधून एखादी बशी खळ्ळकन फुटायची, पोरं ओरडायची, आणि सिल्के नि टोर्स्टेन एकाच झाडूला दोघं धरून काचा गोळा करायचे. संध्याकाळचं ऊन तिरपं होऊन त्या तुकड्यांवर पडलं होतं. गुद्रुनला ते सगळं दुरून, पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं. कुणी मोठ्यानं बोललं तर मोडेल असं.

मामा शेडमधून बाहेर आले ते बऱ्याच वेळानं. डोळे पुसलेले होते.

"आवाज ऐकवला नाहीस मला," ते रायनहार्टला म्हणाले.

"आवाज नाहीच तिला. विसरलात वाटतं तिकडे राहून."

"कसा विसरेन? इंजिन चालू आहे की बंद, हे बघायला ड्रायव्हर बॉनेटवर हात ठेवायचे. बर्लिनचे मंत्री, सिनेमातल्या बायका, सगळ्यांना होर्खच हवी असायची. मर्सिडीजवाल्यांच्या पोटात दुखायचं."

"आणि आता त्या नावाचं काय आहे तुमच्याकडे? चार कड्यांतलं एक कडं." रायनहार्ट हसला, पण ते हसणं ओठांपर्यंतच होतं. "चारही कडी इथली, सॅक्सनीची, मामा. तुम्ही लोक कडी घेऊन गेलात, नाव घेऊन गेलात, आणि आम्हाला काय ठेवलंत? धूर."

"दादा," गुद्रुन म्हणाली.

"बोलू दे त्याला," मामा शांतपणे म्हणाले. "अरे बाबा, आम्ही काय ट्रकात घालून नेलं? रशियनांनी यंत्रं उचलली तेव्हा हॉलमध्ये बोल्टसुद्धा उरले नव्हते. कबुतरं होती फक्त. तिकडे गेलो तेव्हा माझ्याकडे एक पाठपिशवी आणि भोकं पडलेले बूट. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकण्यापासून सुरुवात केली. नाव कुणी जिवंत ठेवलं नसतं तर इथेच मातीत गेलं असतं."

"इथे माणसं राहिली होती. माणसं म्हणजे माती का?"

"असं कोण म्हणालं?"

"कापसाचा चोथा आणि राळ, मामा. पत्रा नव्हता, म्हणून त्यातून आम्ही गाडी केली. लोक पंधरा-पंधरा वर्षं वाट बघायचे तिच्यासाठी. हसा तुम्ही! पण ती याच हातांनी केलीय, होर्खच्या हातांनी शिकवलेल्या हातांनी."

"मी हसलो नाही, रायनहार्ट."

हेद्विग इतका वेळ केक कापत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "नावाचं एवढं कौतुक चाललंय दोघांचं. मी त्या नावाच्या कारखान्यात होते, तुम्ही दोघं मिळून नसाल तेवढी. मंत्र्यांच्या गाड्यांच्या बैठका मीच शिवल्या. आणि लढाईच्या शेवटच्या वर्षी तारेच्या कुंपणाआड कामाला लावलेले ते कैदी, पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातले, तेही त्याच नावाच्या पाटीखालून आत जायचे. मी रोज बघायचे. नाव वाटून घ्यायचं असेल तर सगळं घ्या. गोड तेवढं उचलू नका."

पायरीवर एक मोठी सुरई फुटली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

विषय बदलावा म्हणून असेल, की त्या भल्या मुलाला काही सुचेना म्हणून, टोर्स्टेन झाडू घेऊन टेबलाशी आला आणि हसत म्हणाला, "आजी, तुम्ही यायचं हं आमच्याकडे. तिकडच्या शिवणखात्यात सिल्केला पहिल्या दिवशी सोडायला तुम्हीच..."

सिल्केनं त्याचा हात घट्ट धरला. उशीर झाला होता.

"तिकडच्या म्हणजे कुठल्या?" रायनहार्टनं विचारलं.

सिल्के उभी राहिली. तिच्या केसांत झाडताना उडालेली धूळ होती. "इंगोलश्टाटच्या, बाबा. लग्न झालं की सांगणार होते. दोघांनाही काम मिळालंय."

रायनहार्टनं एकेकाकडे बघितलं. मामांकडे, आईकडे, आणि मग गुद्रुनकडे. तिथे त्याची नजर थांबली. "तुला माहीत होतं."

"हो," गुद्रुन म्हणाली.

"घरात मी एकटाच पाहुणा आहे म्हणजे." तो उठला नाही. कपाचा कान बोटांत धरून फिरवत राहिला. आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं, पण तो हळू बोलला. "सिल्के, या घरात जायची वेळ एकदा आली होती. तुझे आजोबा निघाले होते. मामांबरोबरच. पण तुझ्या आजीनं त्यांना अडवलं. म्हणाली, आपण इथले, इथेच मरू. आणि ते राहिले. पुढे तुझी आत्या जन्मली, तू जन्मलीस. आजीनं अडवलं तसं मी तुला अडवणार. बाप आहे मी."

"बाबा, तेव्हाचं वेगळं होतं."

"काही वेगळं नसतं. मोठ्यांनी अडवायचं असतं, धाकट्यांनी चिडायचं असतं, आणि मग बरंच झालं म्हणायचं असतं. विचार आजीला."

लोथारमामांनी कप बशीवर ठेवला. तो किंचित वाजला. "ताईनं अडवलं? हे कुणी सांगितलं तुला?"

"लोथार," हेद्विग म्हणाली, "केक घे."

"नको मला केक."

"मग गप्प बस."

"इतकी वर्षं हे चाललंय? तू चालू दिलंस?" मामांचा चेहरा लाल झाला होता. "आणि मी तिकडे आर्नोचा राग धरून बसलो, मयतालाही आलो नाही, आणि इथे..."

"लोथार!"

गुद्रुननं आईकडे बघितलं. हेद्विगचे हात टेबलावर पालथे पडले होते. सुया टोचून टोचून बोटांची टोकं चपटी झालेली. आता ती हसून विषय बदलेल, असं गुद्रुनला वाटलं. हेद्विगनं नातीकडे बघितलं.

"मी नाही अडवलं त्याला," हेद्विग म्हणाली. "मी स्टेशनवर होते."

"कुठल्या स्टेशनवर?" रायनहार्टनं विचारलं.

"आपल्या. प्लाउएनच्या गाडीसाठी. तिथून पुढे जंगलातून चालत सीमेपलीकडे जायचं ठरलं होतं. तू माझ्या कडेवर झोपला होतास. मामा होता. पाठपिशवीत तुझे कपडे, पाव आणि माझी कात्री. आर्नो कारखान्यातून परस्पर येणार होता."

"आणि?"

"आला नाही."

मामा बोलले, "गाडी सुटली तरी ताई फलाटावरच उभी. मी दारात. मी ओरडत होतो, चढ, तू तरी चढ! ती नुसती मान हलवत राहिली. आर्नोनं फसवलं असंच मी समजलो. आजपर्यंत तसंच समजत होतो."

"फसवलं नाही त्यानं," हेद्विग म्हणाली. "रायनहार्ट, मी तुला घेऊन परत आले आणि सरळ कारखान्यात गेले. रिकाम्या हॉलमध्ये खोक्यावर बसला होता. जिथे त्याचं चाचणीचं इंजिन उभं असायचं तिथेच, जमिनीत बोल्टची भोकं होती त्यांच्याकडे बघत. मला म्हणाला, हेदे, तिथे मला कोण ओळखतं? इथे पोरंटोरंही सांगतात, हा आठ सिलिंडरवाला आर्नो. तिथे मी कोण? असं म्हणून लहान मुलासारखा रडला. घाबरला होता, दुसरं काही नाही. चांगला माणूस होता. घाबरला होता."

"मग तू अडवलंस असं का..." रायनहार्टनं कप बाजूला सारला.

"दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, जाणार होतात ना? त्याची मान खाली गेली. मी म्हटलं, मीच म्हटलं नको. तेवढंच. मग ते चिकटलं. तुम्ही मोठी झालात. तुम्हाला बाप हवा होता, आणि मला तो मान वर केलेला हवा होता. माझं काय गेलं त्यात?" लायलॅकची दोन फुलं टेबलावर पडली होती, ती तिनं बोटानं बाजूला सारली. "गाडी आणली तेव्हा म्हणायचा, ही उभी राहिली की यातूनच तुला लोथारकडे नेतो. त्या वेळी जाता येत होतं बर्लिनवरून, कसंतरी. मी बैठका शिवल्या. ज्या उन्हाळ्यात ती सुरू झाली, त्याच उन्हाळ्यात भिंत उभी राहिली."

टेबलापलीकडे एका शेजारणीनं बशी उचलली होती, तिनं ती न फोडता खाली ठेवली. रायनहार्ट उठला. खुर्ची नीट आत सारली, आणि अंगण ओलांडून शेडमध्ये गेला. दार लावून घेतल्याचा आवाजही आला नाही.

"जाऊ का मी?" सिल्केनं विचारलं.

"नको," हेद्विग म्हणाली. "बापाबद्दल ऐकलंय त्यानं. जरा जिरू दे."

*

पाहुणे पांगले तेव्हा अजून पुरता अंधार पडला नव्हता. मे महिन्यातली ती लांबणारी संध्याकाळ, जिला संपायचं कसं ते माहीत नसतं. आकाश शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं झालं होतं. मायलेकी स्वयंपाकघरात भांडी धुत होत्या. हेद्विग धुवायची, गुद्रुन पुसायची, वर्षानुवर्षं असंच.

गुद्रुनच्या मनात तो फलाट होता. तिच्या जन्माआधीचा, तरी तिला स्वच्छ दिसत होता. आई त्या गाडीत चढली असती तर आपण नसतोच, हेही तिला कळत होतं. पण त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच. बाबा खोक्यावर बसलेले दिसत होते, आणि त्यांचा चेहरा बघून तिला धक्का बसला नव्हता. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता.

"लोथारनं तुलाही विचारलं," हेद्विग म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"तुला कसं कळलं?"

"मीच त्याला विचारायला सांगितलं होतं. फोनवर."

गुद्रुनच्या हातातला कप ओलाच राहिला. "मी नाही म्हटलं."

"कशाला?"

"तुला कोण बघणार?"

"मला रायनहार्ट आहे. त्यालाही मी आहे. तो आता शेड सोडून कुठे जात नाही आणि मी चूल सोडून. चांगली जोडी आहे आमची." हेद्विगनं नळ बंद केला. लेकीकडे वळली. ओल्या हातानं तिची हनुवटी वर केली. पन्नाशीकडे निघालेल्या बाईची हनुवटी. "खरं सांग. माझ्यासाठी थांबतेस की भीतीनं?"

गुद्रुननं खिडकीबाहेर बघितलं. अंगणात टोर्स्टेन उरलेले तुकडे पोत्यात भरत होता आणि सिल्के त्याला काहीतरी सांगत हसत होती. खोटं बोलणं सोपं होतं. पण आई आज इतकं खरं बोलली होती.

"भीतीनं," ती म्हणाली.

"मग जा," हेद्विग म्हणाली, आणि नळ पुन्हा सुरू केला.

*

सकाळी रायनहार्टनं होर्ख दारात आणून उभी केली तेव्हा त्याच्या अंगात काळा कोट होता आणि दाढी घोटून केलेली होती. रात्रभर काय विचार केला ते त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. सिल्के पांढऱ्या झग्यात मागच्या लाल बैठकीवर बसली, शेजारी गुद्रुन झग्याचा घोळ सावरत. हेद्विग लोथारमामांच्या गाडीतून पुढे गेली. बसण्याआधी तिनं मामांच्या गाडीच्या बैठकीच्या शिवणीवरून नख फिरवून बघितलं आणि, "ठीक आहे," म्हणाली. मामांना तेवढ्यानं बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

होर्ख निघाली. खरंच आवाज नव्हता. चेस्टनटची पांढरी फुलं बाजूनं सरकत होती, लोक थांबून हात हलवत होते. नगरभवनाचा रस्ता सरळ होता, पण रायनहार्ट नदीकडे वळला, मुल्डेच्या काठाकाठानं उत्तरेला, जुन्या कारखान्याच्या बाजूला.

"बाबा, उशीर होईल," सिल्के म्हणाली.

"नवरीशिवाय लग्न लागत नाही." थोडं अंतर गेल्यावर तो आरशात न बघता बोलला, "तिथे कुणी विचारलं कुठली, तर मान खाली घालायची नाही. ट्राबीवरून चिडवतील. चिडवू देत. सांगायचं, नाव जिथून आलं तिथली. आजी म्हणाली तसं, सगळ्या नावासकट."

सिल्केनं पुढे वाकून मागूनच त्याच्या मानेला मिठी मारली. झगा चुरगळला. गुद्रुननं तो सोडवला नाही. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून ती म्हणाली, "दादा, मीही जातेय."

गिअरनं खरखर केली. बापानं लावलेल्या त्या गिअरची खरखर गुद्रुननं आजवर ऐकली नव्हती.

"आईचं काय?"

"आईनंच सांगितलं."

कारखान्याच्या बंद फाटकासमोर गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला गेली आणि थांबली. रायनहार्ट उतरला, पुढे जाऊन लांब निळ्या बॉनेटची एक बाजू उचलली, आणि तिच्याआड उभा राहिला. आतून फक्त त्याचे घोटून चकचकीत केलेले बूट दिसत होते.

"काय बिघडलं?" सिल्के झगा गोळा करत दाराकडे सरकली. "बघते मी."

"बस तू," गुद्रुननं तिचा हात धरला. "काही बिघडलेलं नाही."

"मग?"

"तुझ्या बाबांना जरा वेळ दे."

दोघी बसून राहिल्या. फाटकामागच्या हॉलच्या काचांवर सकाळचं ऊन होतं. बॉनेटच्या पलीकडे एकदा नाक शिंकरल्याचा आवाज झाला. मग बॉनेट अलगद खाली आलं, दोन्ही हातांनी दाबून बसवलं गेलं, आणि रायनहार्ट आत येऊन बसला. डोळे लाल होते. त्यानं हातमोजे चढवले.

"काही नाही," तो म्हणाला. "नीट चाललीय. चला."